मंडळीचा हिशेब कोणाकडे?

रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्याला शाळेच्या पुस्तकात भेटतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. त्यांच्या राजीनाम्याची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढची वीस-बावीस वर्षं अमेरिकन मराठी मिशनच्या कामात घालवली. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला शिकवलं, पाळक झाले, 'ज्ञानोदय'चा मराठी भाग सांभाळला. आणि १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, मिशनची पगारी नोकरी सोडून दिली. ख्रिस्त सोडला नाही, पगार सोडला. या दोन गोष्टी वेगळ्या असू शकतात, हे तेव्हा पुष्कळांच्या ध्यानातच येत नव्हतं.

त्या काळी मिशनचा कारभार कसा चाले ते पाहा. पैसा यायचा बोस्टनहून, तिथल्या अमेरिकन बोर्डाकडून. देणारे अमेरिकेतले साधे भाविक. तो कुठे आणि कसा खर्च करायचा हे ठरवणार बहुतांशी इथले गोरे मिशनरी, आणि त्यांचा अहवाल जाणार पुन्हा बोस्टनला. ज्यांच्यात बसून पाळक प्रार्थना करायचा, त्या गावातल्या मंडळीला या सगळ्यात फारसं विचारलं जात नसे. माणसं वाईट नव्हती. शाळा, दवाखाने, दुष्काळातली मदत यांत त्यांनी आयुष्यं घातली. पण पगार देणाऱ्याला जाब देण्याची सवय एकदा लागली की समोर बसलेल्याला जाब देण्याची सवय सुटते.

टिळक साताऱ्याला गेले आणि त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले चालत आणि न घेतलेलेही. भजन होतं, कीर्तन होतं, आणि स्वतः टिळक ख्रिस्ती संन्यासी झालेले. आता 'दरबार' या शब्दाचीही गंमत पाहा. दरबार म्हटला की आमच्या मराठवाड्यात निजामच आठवतो. टिळकांच्या दरबारात मात्र सिंहासनावर ना साहेब, ना संस्था.

मिशनरी आले ते इंग्रज सरकारच्या बोटाला धरून, असं आपण सरसकट म्हणतो. ते निम्मंच खरं आहे. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईला उतरले, तेव्हा गव्हर्नर नेपियन यांनी त्यांना परत जायला फर्मावलं होतं. कंपनीला व्यापारात धर्माची कटकट नको होती. अर्जविनंत्या करून ते राहिले. पुढे सरकार आणि मिशन यांचं बरं जमलं, हेही खरंच.

टिळकांच्या आधी हा प्रश्न विचारला होता पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि लगेचच खटके उडू लागले. रमाबाईंनी पुरुषांनाही शिकवावं की नाही, यावर इथले बिशप लोक मत देऊ लागले. रमाबाईंचं उत्तर साधं होतं. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टानं उतरवलं, ते दुसऱ्याचं चढवून घेण्यासाठी नाही. ज्या मठातल्या बायांनी मायेनं आसरा दिला, त्यांनाच त्यांनी हे कळवलं. उपकाराचं ओझं असताना असं बोलणं किती कठीण असतं!

हे सगळं आज आठवायचं कारण अमेरिकाच आहे. शुभवर्तमानाचा प्रसार आणि व्यक्तीचं 'नव्यानं जन्मणं' यांवर भर देणारे जे ख्रिस्ती पंथ आहेत, त्यांना इव्हँजेलिकल म्हणतात. तिथल्या गोऱ्या इव्हँजेलिकल मतदारांचा मोठा भाग २०१६ पासून ट्रम्प यांच्यामागे उभा राहिला. धर्मगुरू सत्तेच्या दालनात दिसू लागले. नेमक्या याच वर्षांत घरातला हिशेब बाहेर आला. सदर्न बॅप्टिस्ट हा तिथला सर्वांत मोठा प्रोटेस्टंट संघ. अत्याचाराच्या तक्रारी घेऊन बाया वर्षानुवर्षं त्यांच्या दारी जात होत्या. 'आमचं प्रत्येक चर्च स्वतंत्र, आम्ही आरोपींची यादी ठेवू शकत नाही,' असं उत्तर मिळायचं. मे २०२२ मध्ये स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला, तेव्हा कळलं की कार्यालयात तशी यादी गुपचूप ठेवलेली होती. सातशेहून अधिक नावांची!

रवी झकरायस तर आपल्याच देशातले, चेन्नईत जन्मलेले. जगभर नावाजलेले वक्ते, आणि संस्थेलाही नाव त्यांचंच. २०१७ साली एका स्त्रीनं त्यांच्याविरुद्ध तक्रार केली, तेव्हा संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. २०२० साली ते वारले. संस्थेनंच नेमलेल्या वकिलांच्या अहवालानं फेब्रुवारी २०२१ मध्ये अत्याचारांना दुजोरा दिला. मग त्या स्त्रीची माफी मागण्यात आली.

इथे टिळकांच्या दरबाराकडेही डोळे उघडे ठेवून पाहायला हवं. तो एका माणसाच्या तेजावर उभा होता. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबाराचा जोरही सरला. टिळक निर्मळ होते, हे आपलं भाग्य. पण पुढाऱ्याच्या निर्मळपणावर संस्था चालवणं म्हणजे पावसाच्या भरवशावर शेती करणं, आणि मराठवाड्याला हे समजावून सांगायला नको.

एका मुसलमानानं चर्चच्या हिशेबाबद्दल का बोलावं, असं कोणी विचारील. तर राज्य वक्फ मंडळाचं मुख्य कार्यालय आमच्याच गावात, पाणचक्कीला आहे. मुतवल्ली हा वक्फच्या मिळकतीचा मालक नव्हे, राखणदार असतो. पण जमिनीचं भाडं कुठे गेलं असं विचारणाऱ्यालाच दीनाचा वैरी ठरवलेलं मी ऐकलं आहे. 'पाळकाविरुद्ध बोलू नये' हे त्याचंच ख्रिस्ती भाषांतर. देवळांच्या विश्वस्तांची भाषाही मला फार निराळी वाटत नाही.

कायद्यानं यातली एक गाठ सोडवून ठेवली आहे. १९७० साली नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' झालं. गुजरातमधल्या ब्रदरन चर्चच्या मिळकतीवरून वाद पेटला आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ साली न्यायालयानं सांगितलं की विलीनीकरणाचा नुसता ठराव केल्यानं न्यासाची मिळकत दुसऱ्याकडे जात नाही. त्यासाठी १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याची रीत पाळावी लागते. मूळचा मुंबई राज्याचा हा कायदा महाराष्ट्रातही लागू आहे. त्याप्रमाणे नोंदलेल्या न्यासाला हिशेब ठेवावे लागतात, ते तपासून घ्यावे लागतात. विश्वस्तांचा कारभार बिघडला तर न्यासाशी संबंध असलेल्या माणसाला धर्मादाय आयुक्तांकडे दाद मागता येते. त्यासाठी पाळकाची परवानगी लागत नाही.