निलगिरीच्या खोडात दडलेला कागद

सर्दीने नाक चोंदले की आजही कित्येक घरांत फडताळातली एक छोटी बाटली बाहेर निघते. रुमालावर दोन थेंब टाकायचे, एक खोल श्वास घ्यायचा, की डोके हलके! या तेलामुळे निलगिरी आपल्याला इतकी घरची झाली आहे, की ती परदेशची पाहुणी आहे असे कोणी सांगितले तर खरे वाटू नये. नाव आपल्या दक्षिणेकडच्या डोंगरांचे, पण झाड मूळचे ऑस्ट्रेलियाचे. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीत, १७७७ साली, टास्मानियाजवळच्या एका बेटावर तिची डहाळी गोळा झाली आणि १७८८ साली लेरिटिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने तिचे ‘युकॅलिप्टस’ असे बारसे केले. त्यानंतर दोनच वर्षांनी, टिपू सुलतानाच्या कारकीर्दीत, नंदीदुर्गावरच्या बागेत ती लागली असे सांगतात. निळ्या डोंगरांवर जळणासाठी तिची लागवड सुरू झाली ती १८४३ च्या सुमारास.

परंतु आजची गोष्ट तेलाची नव्हे. तेल असते पानांत. आपल्याला शिरायचे आहे खोडात. कारण वाचकहो, आपल्या हातात जो हा दिवाळी अंक आहे, त्याच्या कागदातही निलगिरीचा काही अंश असणे अगदी संभवनीय आहे!

चुकीच्या नावाची पुडी

निलगिरीच्या सातशेहून अधिक जाती आहेत. बहुतेक साऱ्या ऑस्ट्रेलियातल्या. पण मोजक्या काही जातींना तो खंड मानवला नाही. त्यांपैकी एक आहे ‘युरोफिला’. तिमोर, फ्लोरेस, वेटर अशा उष्ण कटिबंधातल्या बेटांवर, ज्वालामुखीच्या उतारांवर ती वाढते. या जातीचे नशीब उघडले ते मात्र अर्ध्या पृथ्वीपलीकडे, ब्राझीलमध्ये.

तेथे एदमुंदो नावारो दि आंद्रादे नावाचा एक खटपटी गृहस्थ रेल्वे कंपनीसाठी १९०४ पासून निलगिरीच्या जाती लावून पाहत होता. इंजिनांना जळण हवे होते, रुळांना लाकूड हवे होते. १९१९ साली जावा बेटावरच्या बोगोर येथील बागेतून त्याला बियाण्याची पुडी आली. तिच्यावर नाव होते ‘आल्बा’. ते बी खरे म्हणजे युरोफिलाचे होते. त्या जातीला स्वतःचे शास्त्रीय नाव मिळायला १९७७ साल उजाडले! तोवर या बिननावाच्या झाडांनी शेजारच्या इतर निलगिरींशी आपला संसार थाटला होता आणि त्यांच्या संकरित संततीने ब्राझीलची राने भरली होती.

मेलेल्यांतून उरलेली

१९६७ पासून अराक्रूझ नावाच्या कंपनीने ब्राझीलच्या पूर्व किनाऱ्यावर कागदाच्या लगद्यासाठी निलगिरीची प्रचंड लागवड केली. झाडे भराभर वाढली, आणि मग खोडांवर बुरशीचा रोग आला. साल फुटे, खोड सडे, झाड वाऱ्याने मोडून पडे. कोट्यवधींचा उद्योग मातीत जाणार, अशी वेळ आली.

पण सारीच झाडे मेली नाहीत. एखाद्या ओळीत एखादे झाड सरळ, उंच, निरोगी उभे असे. त्यांतली पुष्कळशी युरोफिला आणि ‘ग्रँडिस’ या दुसऱ्या जातीच्या संकरातून जन्मलेली होती. एडगार्ड कँपिन्योस आणि यारा इकेमोरी या शास्त्रज्ञांनी त्यांचेच हुबेहूब वंशज वाढवायचे ठरवले. बी लावून ते साधेना. बियांतून संतती निघते, नक्कल निघत नाही. फांदी लावावी, तर पोक्त झालेल्या निलगिरीच्या फांदीला मुळे फुटता फुटत नाहीत. उपाय एकच होता. ते निवडक झाड तोडायचे! तोडल्यावर बुंध्याला जे कोवळे धुमारे फुटतात, त्यांना मुळे धरतात. १९७९ पासून अशा कलमांची लागवड शेतांवर सुरू झाली. १९८४ साली स्वीडनमधील मार्कुस वॉलेनबर्ग पारितोषिक या कामाला मिळाले. ती कंपनी पुढे इतर कंपन्यांत विलीन झाली. कलमांची विद्या मात्र जगभर पसरली.

खोडाची चार प्रश्नांची परीक्षा

येथे एक कूट प्रश्न उभा राहिला. रोगातून वाचलेले, झपाट्याने वाढणारे झाड सापडले खरे. पण त्याचे लाकूड चांगले कशावरून? बाहेरून जुळ्या भावांसारखी दिसणारी दोन खोडे आतून अगदी निराळी निघतात. म्हणून शास्त्रज्ञ खोडाला चार प्रश्न विचारतात.

पहिला : तुझी घनता किती? म्हणजे एका घनमीटर लाकडात सुका ऐवज किती. दुसरा : तुझा तंतू केवढा? निलगिरीचा तंतू जेमतेम एक मिलिमीटर, पाइनचा सुमारे तीन. लांब तंतूने कागद चिवट होतो, आखूड तंतूने गुळगुळीत; म्हणून छपाईच्या कागदाला निलगिरी मानवते. तिसरा : तुझ्यात लिग्निन किती? तंतूंना एकमेकांशी चिकटवून ठेवणारा हा निसर्गाचा डिंक. तो रसायनांत शिजवून काढावा लागतो. जितका डिंक जास्त, तितके रसायन जास्त आणि लगदा कमी. चौथा प्रश्न फळ्या पाडणाऱ्यांचा : तोडल्यावर तू फुटशील का? उभ्या खोडात बाहेरचे लाकूड ताणलेले व गाभा दाबलेला असतो. करवत फिरली की हा ताण मोकळा होतो आणि ओंडक्याच्या तोंडावर चांदणीसारख्या भेगा पडतात.

हा काथ्याकूट कशासाठी, असे वाटेल. एक साधा हिशेब मांडून पाहू. एका झाडाची घनता घनमीटरला ४५० किलो आणि लगदा निघतो शेकडा ४८. दुसऱ्याची ५५० किलो आणि लगदा शेकडा ५२. पहिल्याच्या एका घनमीटरातून २१६ किलो लगदा मिळेल, दुसऱ्यातून २८६. जमीन तीच, पाऊस तोच, खोडाची जाडीही तीच. आणि उत्पन्न जवळजवळ एक-तृतीयांशाने अधिक!

झाड न पाडता

पण परीक्षेसाठी प्रत्येक झाड पाडले, तर निवडायला उरणार काय? म्हणून युक्त्या निघाल्या. पोकळ गिरमिटाने खोडातून पेन्सिलीहून बारीक कांडी काढून घेतात. तिचे आकारमान पाण्यात मोजतात, मग भट्टीत सुकवून वजन करतात. ‘पायलोडिन’ नावाच्या यंत्रात स्प्रिंगच्या जोराने एक खिळा खोडात घुसतो; तो जितका कमी घुसेल, तितके लाकूड घट्ट. आणखी एक रीत आहे ती डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाची. चिमूटभर भुशावर अवरक्त किरण टाकले की परत येणाऱ्या किरणांवरून लिग्निन व लगदा यांचा अंदाज काही क्षणांत बांधता येतो. अर्थात त्यासाठी आधी शेकडो नमुने प्रयोगशाळेत रीतसर तपासून यंत्राला ‘शिकवावे’ लागते.

तरीही एक शंका उरतेच. हा गुण रक्ताचा की मातीचा? झाड विहिरीच्या काठी वाढले म्हणूनही जाडजूड झालेले असेल. याकरिता एकाच झाडाची कलमे निरनिराळ्या जमिनींत, ठिकठिकाणी विखरून लावतात आणि वर्षानुवर्षे मोजतात. त्यातून कळले ते असे : वाढीच्या वेगावर माती-पाण्याचा पगडा मोठा; घनता मात्र बरीचशी आईबापांकडून येते. आणि वेगाने वाढणारे झाड हलकेच असते, असाही नियम नाही. म्हणजे दोन्ही गुण एका झाडात शोधण्याची आशा आहे.

आपल्या बांधावर

या विद्येचे वारे आपल्याकडेही आले. बल्लारपूरसारख्या बांबूवर पोसलेल्या गिरण्यांना बांबू अपुरा पडू लागला, तसे त्यांचे लक्ष निलगिरीकडे वळले. भद्राचलमच्या कागद-गिरणीने १९८९ च्या सुमारास ‘म्हैसूर गम’ जातीच्या निवडक झाडांची कलमे करण्यास आरंभ केला आणि ती शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत पोचली. गिरणी लाकूड घेते वजनावर. तेव्हा घनता हा नुसता प्रयोगशाळेतला आकडा राहत नाही. चार-पाच वर्षे जमीन गुंतवून बसलेल्या माणसाच्या घरी लेकीचे लग्न होणार की कर्ज राहणार, ते त्यावर ठरते.

पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९८३ साली कर्नाटकातल्या तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी निलगिरीची रोपे उपटून टाकली. नाचणीचे शेत जाते, जमिनीतले पाणी ओढले जाते, ही त्यांची तक्रार होती. २०१७ साली कर्नाटक सरकारने नव्या लागवडीवर बंदीच घातली. शिवाय या शतकाच्या आरंभी पानांवर गाठी आणणारी एक चिमुकली माशी आपल्या देशात शिरली आणि तिने दक्षिणेतली कलमांची शेतेच्या शेते खुरटवली. सारी झाडे एकाच रक्ताची असली, की एकाला जे मारते ते सर्वांना मारते. ब्राझीलला वाचवले होते ते ओळीत ‘निराळे’ निघालेल्या झाडांनी, हे विसरून कसे चालेल?

म्हणूनच जाणते संशोधक एका कलमावर भिस्त ठेवत नाहीत. बेटाबेटांवरचे रानटी बी आणून लावतात, अनेक कलमे मिसळून लावतात. २०१४ साली ‘ग्रँडिस’ जातीचा सारा जनुकसंच वाचून झाला. छत्तीस हजारांवर जनुके हाती लागली. उद्या रोपाच्या एका पानावरून त्याच्या भावी लाकडाचे भाकीत अधिकाधिक अचूक होईल. पण ते भाकीत खरे की खोटे, हे पडताळायला पुन्हा पाच-सात वर्षे थांबून, गिरमिट घेऊन, त्याच झाडापाशी जावे लागणार. आणि तेथे किती पाणी आहे, हे गावालाही विचारावे लागणार.