डॉक्टरांच्या शेजारच्या स्टुलावर

नीट परीक्षा आटोपली की महाड-पोलादपूरकडचं एखादं पोरगं ओळखीच्या डॉक्टरांना विचारतं, "सर, चार दिवस तुमच्याकडे बसू का?" बसावं, जरूर बसावं. पण काही समजुती घरीच ठेवून यावं.

पहिली समजूत प्रमाणपत्राची. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. दवाखान्यात बसल्याच्या कागदाला तिथे एकही गुण नाही. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशासाठी अर्ज करणारे बरेचजण असे तास मोजून दाखवतात, इथे त्याची गरज नाही. इथे बसायचं ते हे काम आपल्याला झेपेल का, हे अजमावायला.

"नुसतं बघून काय मिळणार?" हा दुसरा गैरसमज, आणि महाडात बसून तो बाळगणं म्हणजे कमालच. १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर जवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. लाल विंचू चावलेले रुग्ण त्यांच्यासमोर दगावत होते. ते खाटेजवळ बसून राहिले, नोंदी करत राहिले : घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसांत भरणारं पाणी. विषामुळे शरीरात ॲड्रेनालिनसारख्या द्रव्यांचा लोंढा सुटतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं. त्या वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली आणि १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. सुमारे ४० टक्क्यांवरचे मृत्यू पुढे १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. तेव्हा स्टुलावर बसल्यावर मोबाईल खिशात आणि डोळे रुग्णाच्या हातापायांकडे. जो मोठ्याने कण्हतो तोच जास्त आजारी, असं नसतं. विंचू चावलेल्या रुग्णात गुपचूप गार पडत चाललेल्या पायांची काळजी अधिक.

पांढरा ॲप्रन घातला की रुबाब येतो, हे खरं, पण आजी तुम्हालाच "डॉक्टर, गोळी जेवणाआधी का नंतर?" विचारतात. साधे स्वच्छ कपडे घाला आणि सांगा, "आजी, मी डॉक्टर नाही, शिकायला आलोय." सुई टोचून बघण्याची हौस तर अजिबात नको. नोंदणीशिवाय उपचार करणं गुन्हा आहे, डॉक्टर शेजारी उभे असले तरी. वापरलेल्या सुयांना हात लावू नका. हेपॅटायटिस बीची लस झाली आहे का, हे आधीच बघा.

सगळ्यात जास्त घोळ संमतीचा. "हा इथे बसला तर चालेल ना?" असं तुमच्यासमोर विचारलं की कोणती मावशी नाही म्हणेल? म्हणून हे सिस्टरनी बाहेरच, तुमच्या गैरहजेरीत विचारावं, असं आपणच सुचवावं. नाही म्हटलं तर मुकाट बाहेर. तपासणीसाठी पडदा ओढला, की न सांगताच.

आणि "नाव न घेता सांगितलं तर काय बिघडतं?" मुंबईत कदाचित नाही. पण पोलादपुरात 'वरच्या वाडीतली, नवरा मुंबईला, परवा उलट्या झाल्या' एवढं एसटी स्टँडवर बोललात तर संध्याकाळपर्यंत तिच्या सासूला कळतं. घरीसुद्धा बोलू नका. वहीत आजार लिहा, गाव नको.

राहिली चक्कर. रक्त बघून डोळ्यांपुढे अंधारी आली म्हणजे तुम्ही डॉक्टर व्हायला नालायक, असं मुळीच नाही. पुष्कळांना येते, आणि उपाशीपोटी उभं राहिलं तर लवकर येते. तसं वाटलं तर लगेच खाली बसा, सिस्टरना सांगा. आणि उद्या पोहे खाऊन या.