ऑपरेटर म्हणजे नुसती बटणे दाबणारा नव्हे

संगणकावर हिशेब लिहिणाऱ्या आपल्या मुला-मुलींना कचेरीत ‘ऑपरेटर’ म्हणतात. बटणे दाबणारा, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. आम्हा कारकुनांना तो मान्य नाही.

टॅलीची कंपनी १९८६ साली भारतात निघाली आणि पुढे खतावणीची जाड वही संगणकात गेली. महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून विक्रीकराच्या जागी व्हॅट आला, १ जुलै २०१७ पासून जीएसटी. दर वेळी फॉर्म बदलले, दर बदलले. नावे-जमेचा नियम मात्र तोच राहिला. ज्यांना तो उमगला होता, त्यांनी नवे लवकर उचलले. ज्यांनी फक्त बटणांचा क्रम पाठ केला होता, ते अडखळले.

म्हणून पालकहो, कोर्सचे प्रमाणपत्र मिळाले की शिकणे संपले, असे समजू नका. हिशेब का जुळतो, हेही मुलांना शिकू द्या. पन्नाशीतल्या कारकुनाने विशीतल्या मुलीला विचारण्यात कमीपणा मानू नये. मालकांनीही शिकण्यासाठी कामाच्या तासांतूनच वेळ द्यावा. नव्या यंत्राचा खर्च मालक करतो. ते शिकण्याचा खर्च कामगाराच्या झोपेतून का वसूल व्हावा?