घरचा तंबोरा : विकावा, जपावा की वाजवावा?

जुन्या घरांतून काही वस्तू अशा असतात की, त्यांचा उपयोग कोणी करीत नाही आणि त्या कोणाला टाकवतही नाहीत. न्हाणीघरातील तांब्याचे घंगाळ किंवा माळ्यावरचा शिसवी पाळणा ही याच वर्गातली. तंबोराही त्यांच्यापैकीच एक, असे समजून पुष्कळ कुटुंबे वागतात, आणि चूक होते ती येथेच. घंगाळ पन्नास वर्षे पडून राहिले तरी ते घंगाळच राहते. तंबोरा पन्नास वर्षे पडून राहिला म्हणजे भोपळा आणि लाकूड तेवढे उरते.

हा धडा आमच्या घराला मिळाला तो गेल्या वर्षी. आमचे घर मेढ्याचे. वेण्णेच्या खोऱ्यातले हे जावळीचे ठिकाण पावसासाठी प्रसिद्ध. आषाढात दप्तरातले कागद लिबलिबीत होतात आणि भिंतींना ओल सुटते. अशा घरात माजघराच्या कोपऱ्यात, खुंटीला टांगलेला, लाल खारव्याच्या गवसणीत, आजोबांचा तंबोरा होता. आजोबा गेल्यावर त्याची गवसणी दसऱ्याच्या पूजेपुरती निघे व दुसऱ्या दिवशी पुन्हा चढे.

पुण्यास शिकणारा आमचा पुतण्या उन्हाळ्याच्या सुटीत घरी आला, तो एका रात्री जेवणे आटोपल्यावर म्हणाला, “काका, रागावू नका, पण हा तंबोरा कोणीच वाजवीत नाही. मिरजेचा जुना माल म्हणून कोणीतरी बरे पैसे देईल. त्यात माझी बास गिटार होईल.”

माजघरात क्षणभर कोणी बोलेना. वहिनींना मुलाचे बोलणे उद्धटपणाचे वाटले. धाकट्या भावाला ते व्यवहाराचे वाटले. शेवटी आई म्हणाली, “विकायचा तर विका. पण विकण्यापूर्वी तो बोलतो का, तेवढे एकदा पाहा. मुक्या वाद्याची किंमत तुम्ही कोणाला काय सांगणार?”

या एका वाक्याने वाद मिटला नाही, पण तो योग्य वाटेला लागला.

पुतण्याचे वाद्य म्हणजे काय, हे मला तोवर ठाऊक नव्हते. समजून घेतल्यावर मौज वाटली. अमेरिकेत लिओ फेंडर या गृहस्थाने १९५१ साली ज्या नमुन्याची बास गिटार बाजारात आणली, तोच नमुना पुढे जगभर रूढ झाला. ती विजेवर वाजते. तिलाही चारच तारा. तिचे काम गाण्याला खालून आधार देण्याचे. बैठकीत तंबोऱ्याकडे जसे कोणी मुद्दाम लक्ष देत नाही, पण तो थांबला की मैफल पोरकी होते, तसेच हिचे. काळी एकच्या सुरात लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज सेकंदास सुमारे ६९ कंपने करतो. बासची सर्वांत जाड तार सुमारे ४१. तिच्या दोन शेजारच्या तारांमधील अंतर आणि तंबोऱ्याच्या पंचमापासून जोडापर्यंतचे अंतर ही दोन्ही एकच, म्हणजे षड्जापासून मध्यमापर्यंतचे. तेव्हा मुलगा परक्या देवाच्या मागे लागला होता असे म्हणता येणार नाही; खर्जाची ओढ घराण्यातलीच म्हणावयाची!

साताऱ्यास येऊन आम्ही रेल्वेने मिरज गाठली. मिरजेची ही विद्या केवळ योगायोगाने तेथे रुजलेली नाही. परंपरा अशी सांगतात की, १८५० च्या सुमारास फरीदसाहेब नावाच्या शिकलगाराने सतारी व तंबोरे करण्यास तेथे आरंभ केला. शिकलगार म्हणजे तलवारींना पाणी देणारे, हत्यारांना धार लावणारे. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. फौजा मोडल्या, तलवारी म्यानातच राहू लागल्या. ज्या हातांना पोलादाची नस कळत होती ते हात तारेकडे वळले. पटवर्धन संस्थानिकांचा गाण्याला आश्रय होता. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेसच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांजवळ शिकले आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेस स्थायिक झाले. १९३७ साली प्रवासात त्यांचा अंत झाल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारातच त्यांना विसावा मिळाला, आणि उरुसाच्या वेळी तेथे त्यांच्या स्मरणार्थ गायक हजेरी लावतात. गवई आणि कारागीर असे एकाच गावात नांदले, म्हणून वाद्य सुधारत गेले. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले.

ज्या कारागिराकडे आम्ही गेलो त्यांनी गवसणी उतरवून प्रथम तारांना हात लावलाच नाही. भोपळ्यावर बोटाच्या पेराने टिचक्या मारून ते ऐकत राहिले. मग दांडीवरून एक डोळा मिटून नजर टाकली, आणि गळ्याच्या सांध्यावर अंगठा फिरवला. “माल चांगल्या हाताचा आहे,” ते म्हणाले, “पण तुम्ही याला बसवून ठेवलंत. बसलेलं वाद्य उठवायला वेळ लागतो.” भोपळा आणि दांडी जोडणारा सांधा ओलीने केसभर सुटला होता, भोपळ्याला किड्याने दोन ठिकाणी भोके पाडली होती, पोलादी तारा गंजल्या होत्या, आणि घोडीवर तारांच्या खाचा पडून जवारी पार गेली होती. सुदैवाने तबली खचलेली नव्हती व दांडी सरळ होती. आहे त्या स्थितीत विकल्यास भाव नक्षीचा येईल, वाद्याचा येणार नाही, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय पडला.

पुतण्याने विचारले, “आणि दुरुस्त केला तर?”

“तर विकावासा वाटणार नाही,” कारागीर हसून म्हणाले.

येथे वाचकांपैकी ज्यांना तंबोरा घ्यावयाचा किंवा काढावयाचा असेल त्यांच्यासाठी, तेथे पाहिलेल्या व ऐकलेल्या चार गोष्टी सांगणे उपयोगाचे होईल.

तंबोऱ्याचा जीव भोपळ्यात. हे कडू भोपळे पंढरपूर, मंगळवेढे या बाजूस पिकतात. ते महिनोन् महिने वाळवून, आतील गर काढून मग कामाला घेतात. साल जाड, एकसारखी व टणक हवी. टिचकीला ओला, बद्द आवाज आला तर तो भोपळा नीट वाळलेला नाही असे समजावे. दांडी व तबली तुणीच्या लाकडाची करण्याची चाल आहे. लाकूड जितके मुरलेले तितके बरे. दांडीला वाक नसावा. खुंट्या फिरविताना अडखळू नयेत व फिरविल्यावर घसरू नयेत. पुरुषाच्या गळ्याला मोठा, मर्दानी तंबोरा लागतो. स्त्रीच्या गळ्याला लहान, जनानी. घरात गाणार कोण, हे ठरवून मगच आकार निवडावा. एका मोठ्या शहरातील दुकानातून आमच्या नात्यातील एका कुटुंबाने केवळ वेलबुट्टी पाहून मुलीसाठी मर्दानी तंबोरा घेतला. तिच्या काळी पाचच्या सुराला तारा चढविता चढविता तुटू लागल्या, आणि दोष मात्र मुलीच्या हाताला मिळाला.

खरी परीक्षा जवारीची. घोडीचा माथा सपाट असतो, पण त्याला अगदी सूक्ष्म उतार दिलेला असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत, स्पर्शत जाते, व त्यातून मूळ सुराबरोबर वरचे अनेक सूर जागे होतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास याच घोडीचा अभ्यास केला. तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वरांचा नियमाने लोप व्हावयास हवा, तेही येथे ऐकू येतात, असे त्यांनी दाखविले. कारागिराला हे समीकरण पाठ नसते. त्याच्या कानात मात्र ते असते. आमच्यासमोर त्यांनी कानस फिरवली, तार चढविली, छेडली, उतरविली, पुन्हा कानस फिरवली. असे किती वेळा झाले ते मी मोजले नाही. एक घास अधिक गेला की सारे काम प्रथमपासून. शेवटी तारेखाली सुताचा दोरा सरकवला, आणि ज्या ठिकाणी तो थांबला तेथे एकाएकी खोली भरून गेली. तंबोरा घेताना दुकानदाराकडून तो सुरात लावून घ्यावा, डोळे मिटावे आणि चारही तारांची आस सारखी लांबते का, हे ऐकावे. डोळ्यांनी घेतलेला तंबोरा बहुधा डोळ्यांपुरताच राहतो.

विकणाऱ्याने एक काळजी अवश्य घ्यावी. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची नक्षी किंवा सांबरशिंगाची घोडी असते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा व त्यातील पुढील दुरुस्त्या यांनी अशा वस्तूंचा व्यापार बंद केलेला आहे. म्हणून असे वाद्य बाजारात नेण्यापूर्वी वनखात्याकडे चौकशी करावी. हल्ली घोड्या हाडाच्या, शिसवाच्या किंवा कृत्रिम द्रव्याच्याही करतात. दुसरे असे की, वाद्यातील दोष लपवू नये. सुटलेला सांधा पॉलिशाखाली चार दिवस झाकतो; गाणाऱ्याच्या पहिल्याच आलापीत तो उघडा पडतो, आणि विकणाऱ्याचे नावही त्याबरोबर जाते.

राहिली निगा. आमच्यासारख्या पावसाळी मुलुखात तंबोरा बाहेरच्या भिंतीला कधीही टांगू नये. घराच्या आतील कोरड्या खोलीत, जमिनीपासून वर, उंदरांच्या वाटेपासून दूर ठेवावा. गवसणी सुती असावी आणि उघडीप पडली की काढून वाळवावी. पण तंबोरा स्वतः उन्हात ठेवू नये, चुलीजवळही नाही. ओलीने फुगलेले लाकूड एकाएकी तापले की तडकते. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्या. फार दिवस वाजणार नसेल तर त्या थोड्या सैल कराव्या. बास गिटारीच्या दांडीत पोलादी कांब असते व ती तारांच्या ओढीला तोलून धरते. म्हणून ती सुरातच ठेवली तरी चालते, असे पुतण्याने सांगितले. तंबोऱ्याच्या दांडीत अशी कांब नाही. त्याचा तोल आपल्यालाच सांभाळावा लागतो. मात्र सैल करणे म्हणजे विसरणे नव्हे. आठवड्यातून एकदा तरी तो सुरात लावावा. न वाजणाऱ्या तंबोऱ्याचा सांधा कधी सुटला, कीड कधी लागली, हे कोणाला कळणार?

“एवढा खटाटोप कशाला? भ्रमणध्वनीत तंबोरा आहेच,” असे कोणी म्हणेल. आहे, आणि प्रवासात तो उपयोगीही पडतो. तो कधी उतरत नाही, त्याला पावसाची बाधा नाही. पण हीच त्याची उणीव आहे. लाकडाचा तंबोरा उतरतो, म्हणून तो रोज लावावा लागतो. आणि तो लावता लावताच कान तयार होतो. जोडाच्या दोन तारा एकमेकींत मिसळून एक होईपर्यंत मणी केसाएवढा वर-खाली करणे, हा गाण्याचा पहिला पाठ आहे. आयत्या सुरात हा पाठ मिळत नाही. शिवाय मिरजेतील तो कारागीर कानस घेऊन जे करतो, ते काम ज्या घरांतून तंबोरे वाजतात त्या घरांच्या जिवावर चालते. तंबोरे भिंतीवर मुके झाले की त्याच्या मुलाने ती कानस हातात का धरावी? नुसत्या मानांकनाने विद्या टिकत नसते.

काही आठवड्यांनी तंबोरा परत आला. एस. टी.त त्याच्यासाठी स्वतंत्र तिकीट काढून पुतण्यानेच तो मांडीवर धरून आणला. रात्री आईने तो सुरात लावावयास सांगितले. आमच्यापैकी कोणालाच ते जमेना. पुतण्याने मात्र मणी सरकवीत, मान कलती करून, जोड मिळविला. बास गिटारीवर तयार झालेला त्याचा कान येथेही उपयोगी पडला, हे पाहून वहिनींचा राग बराच निवळला.

तंबोरा आम्ही विकला नाही, पण पूर्ववत् खुंटीलाही टांगला नाही. आईचा निर्णय असा झाला की, जो वाजवील त्याच्याकडे तो राहावा. साताऱ्यास गाणे शिकणारी आमच्या शेजारची एक मुलगी आहे. तिच्या घरी तंबोरा घेण्याची ऐपत नव्हती. चातुर्मास सोडून बाकीचे आठ महिने तो तिच्याकडे असतो. पावसाळ्यात तो आमच्या कोरड्या खोलीत परत येतो, आणि त्या चार महिन्यांत ती मुलगी आमच्याकडे येऊन रियाज करते. पुतण्याने शिकवण्या करून पैसे साठविले व वापरलेली बास गिटार घेतली. घेताना दांडीवरून एक डोळा मिटून पाहण्यास तो विसरला नाही.

आजोबांची वस्तू परक्याच्या घरी दिली म्हणून नात्यातील एक-दोघांनी नाक मुरडले. त्यांना आईने विचारले, “तो तुमच्याकडे देते. तुम्ही लावाल का रोज?” यावर कोणी उत्तर दिले नाही.