ताणा, वाढवा, आवळा

डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल जाहीर झाले, तेव्हा बातम्यांचे सारे लक्ष दोनच गोष्टींनी वेधून घेतले. ५५ वर्षांनी एका स्त्रीला हा मान मिळत होता, आणि कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात त्या अजून सहयोगी प्राध्यापकच होत्या. बढतीसाठी त्यांनी कधी अर्जच केला नव्हता. या चर्चेत त्यांचे काम मात्र झाकोळले गेले. मला ते फार देखणे वाटते.

गोष्ट अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातली. जेरार मुरू हे मार्गदर्शक, स्ट्रिकलंड पीएचडीच्या विद्यार्थिनी. लेसरचा अतिलघू स्पंद अ‍ॅम्प्लिफायरमधून नेऊन वाढवायला जावे, तर त्याच्या तीव्रतेने अ‍ॅम्प्लिफायरचीच काच खराब व्हायची. कितीतरी वर्षे घोडे तिथेच अडले होते.

या दोघांनी स्पंद आधी ताणला. त्यासाठी १.४ किलोमीटर लांबीचा ऑप्टिकल फायबर वापरला. फायबरमध्ये तांबड्या बाजूचा प्रकाश पुढे निघतो, निळ्या बाजूचा मागे रेंगाळतो. अरुंद पुलावर दिंडी लांबत जावी, तसा स्पंद लांबतो. एका क्षणी काचेवर पडणारा भार उतरतो. मग त्याची ऊर्जा निर्धास्त वाढवायची. शेवटी प्रकाशाचे रंग वेगवेगळ्या दिशांना वळवणाऱ्या ग्रेटिंगच्या जोडीवरून नेताना पुढच्या रंगांना लांबची वाट द्यायची, म्हणजे मागचे त्यांना गाठतात. स्पंद पुन्हा आवळला जातो आणि त्याची शक्ती प्रचंड वाढते. १९८५ मध्ये छापून आलेला हा शोधनिबंध जेमतेम तीन पानांचा, आणि स्ट्रिकलंड यांचा पहिलाच. नोबेल मिळाले ते याच कामाला.

आज डोळ्यांच्या लॅसिक शस्त्रक्रियेत पारदर्शक पटलाला नेमका काप देणारे फेम्टोसेकंद लेसर आणि प्रयोगशाळांतले पेटावॅट लेसर याच पद्धतीवर उभे आहेत.

प्रबंधात स्ट्रिकलंड यांनी मारिया गोपर्ट मायर यांचा संदर्भ दिला होता. अणू एकाच वेळी दोन फोटॉन शोषू शकतो, हे त्यांनी १९३१ मध्ये कागदावर मांडले. ते प्रत्यक्ष दिसायला लेसर यावा लागला. अमेरिकेत अनेक वर्षे बिनपगारी काम केलेल्या या विदुषीला १९६३ मध्ये नोबेल मिळाले, तेही वेगळ्याच, अणुकेंद्राच्या रचनेवरच्या कामासाठी. पदार्थविज्ञानात मेरी क्युरींनंतरची दुसरी स्त्री त्या, तिसरी स्ट्रिकलंड.

पुढे २०२३ मध्ये आन लुइलिए यांना नोबेल मिळाले ते अ‍ॅटोसेकंद स्पंदांसाठी. असे स्पंद निर्माण करणारे आजचे बहुतेक लेसरही आधी स्पंद ताणतात, मग वाढवतात आणि शेवटी आवळतात.