औषध, सवय आणि ओकसात्म्य : ‘लाइफस्टाइल ब्रँड’ कशाने घडतो?

औषधनिर्मात्या मित्रांच्या बोलण्यात अलीकडे एक शब्द वारंवार येतो : ‘लाइफस्टाइल ब्रँड’. चूर्णाच्या डब्याला फिकट रंगाचे वेष्टन द्यावे, शेजारी उटणे, धूप आणि तांब्याचा लोटा मांडावा, की आपली फार्मसी लाइफस्टाइल ब्रँड झाली, अशी एक सार्वत्रिक समजूत दिसते. परंतु ही पदवी कंपनीने स्वतःस लावून घेण्याची नसून ग्राहकाने तिला देण्याची आहे. ग्राहक ती केव्हा व कशामुळे देतो आणि दिल्यानंतर वैद्य व औषधनिर्माता यांच्यावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

परिचय, सवय आणि जीवनशैली

ग्राहक आणि वस्तू यांच्या नात्याच्या तीन पायऱ्या मानता येतील. पहिली परिचयाची. नाव ठाऊक असते, गरज पडली की ती वस्तू घेतली जाते. दुसरी सवयीची. महाराष्ट्रातील असंख्य घरांत नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी मोती साबण आणला जातो. मूळचा टाटा ऑइल मिल्सचा हा साबण पुढे हिंदुस्थान लिव्हरकडे गेला, तरी दिवाळीच्या पहाटेशी जडलेले त्याचे नाते तुटले नाही. मात्र कोणी ‘मी मोती वापरणारा आहे’ अशी स्वतःची ओळख सांगत नाही, की त्या नावाचे तांदूळ वा वस्त्रे निघाली तर ती डोळे मिटून घेईल असेही नाही. म्हणजेच सवय कितीही दृढ असली तरी तेवढ्याने लाइफस्टाइल ब्रँड होत नाही. तिसरी पायरी याहून निराळी आहे. तिची चार लक्षणे संभवतात.

१) वस्तूच्या आधी विचार : जॉन बिसेल यांनी १९६० साली स्थापन केलेली फॅबइंडिया ही कंपनी प्रारंभी हातमागाचे कापड निर्यात करीत असे. दिल्लीत तिचे पहिले दुकान निघाले ते १९७६ साली. हाताने विणलेले, ग्रामीण कारागिराने घडविलेले ते वापरावे, हा विचार ग्राहकाने आधी स्वीकारला. कुर्ता त्यामागून आला.

२) विश्वासाचे संक्रमण : त्याच दुकानातून पुढे लाकडी सामान, सेंद्रिय धान्य आणि अंगास लावावयाची तेलेही विकली जाऊ लागली. कुर्ता आणि डाळ यांत वस्तू म्हणून काहीच साम्य नाही. तरीही ग्राहकास ती विसंगती वाटली नाही, कारण दोन्हींच्या मुळाशी त्याला एकच दृष्टी दिसत होती.

३) ग्राहकाची स्वतःची ओळख : अमेरिकेतील मिलवॉकी येथे १९०३ साली सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसन कंपनीने १९८३ मध्ये आपल्या दुचाकीस्वारांचा संघ स्थापन केला. हे लोक एकत्र प्रवासाला निघतात, कंपनीचे चिन्ह असलेली जाकिटे घालतात. काहींनी तर ते चिन्ह अंगावर गोंदवूनही घेतले आहे. दुचाकी हे केवळ वाहन न राहता ‘मी कोण आहे’ या प्रश्नाचे उत्तर झाले.

४) कंपनीचे आचरण : हे लक्षण सर्वांत महत्त्वाचे. अनिता रॉडिक यांनी १९७६ साली इंग्लंडमधील ब्रायटन येथे ‘द बॉडी शॉप’ हे सौंदर्यप्रसाधनांचे दुकान काढले. रिकामी बाटली परत आणून भरून घ्यावी आणि प्रसाधनांसाठी प्राण्यांवर प्रयोग करू नयेत, ही त्याची ओळख बनली. २००६ साली लॉरिअल या मोठ्या कंपनीने ते विकत घेतले, तेव्हा काही प्राणिहितवाद्यांनी त्यावर बहिष्काराचे आवाहन केले. बाटलीतील द्रव्य बदलले नव्हते. बदलली होती ती मालकी. सामान्य साबणाचा मालक बदलला तर ग्राहकास त्याची वार्ताही नसते. येथे मात्र तो आपला विश्वासघात झाला असे मानतो, कारण त्याने साबणासोबत एक आचारधर्म विकत घेतलेला असतो.

शास्त्रातील संज्ञा

हा सर्व प्रकार आपल्याला सर्वथा अपरिचित नाही. सतत सेवनाने जे शरीरास मानवू लागते त्यास आपण ओकसात्म्य म्हणतो. लाइफस्टाइल ब्रँड म्हणजे मनाच्या पातळीवर घडलेले एक प्रकारचे ओकसात्म्यच होय, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. एकदा ते घडले की ग्राहक प्रत्येक वेळी नव्याने विचार करीत नाही. वस्तू त्याच्या दिनचर्येत मुरते.

परंतु जे सात्म्य झाले ते हितकरच असते, असे शास्त्र म्हणत नाही. चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात पिप्पली, क्षार आणि लवण ही तीन द्रव्ये अतिमात्रेत वापरू नयेत असे सांगितले आहे. ज्या प्रदेशांतील लोकांना क्षाराची वा लवणाची अतिसवय जडली आहे, त्यांना होणाऱ्या विकारांचेही तेथे वर्णन आहे. अशा सात्म्यापासून त्यांनी क्रमाक्रमाने दूर व्हावे, हाच तेथील उपदेश. याउलट सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात साठेसाळी, मूग, सैंधव, आमलकी, दूध, तूप, मध इत्यादी नित्य सेवनास योग्य द्रव्यांची गणना येते. सैंधव नित्यसेवनाच्या यादीत असूनही लवणाचा अतिरेक निषिद्ध आहे, हा विवेक ध्यानात घेण्यासारखा आहे. रोज काय घ्यावे आणि काय घेऊ नये याची रेषा अशा रीतीने पूर्वीच आखलेली आहे.

एक अनुभव

ही रेषा पुसली गेली म्हणजे काय होते, ते माझ्या चिकित्सालयात पाहावयास मिळाले. पासष्टीच्या एक निवृत्त शिक्षिका अशक्तपणा, पायांत गोळे येणे व पोटात मुरडा या तक्रारी घेऊन आल्या. कोणती औषधे चालू आहेत असे विचारता त्यांनी रक्तदाबाच्या गोळीचे नाव सांगितले. तिच्यात मूत्रल द्रव्य होते. आणखी काही घेता का, यावर ‘नाही’ असे उत्तर आले. रक्ततपासणीत पोटॅशियम कमी आढळले. पुढील भेटीत मी प्रश्न बदलला : ‘बाई, झोपेपर्यंतचा तुमचा दिवस सांगा पाहू.’ तेव्हा कळले की रात्री कोमट पाण्यासोबत एका कंपनीचे चूर्ण त्या सहा वर्षे घेत होत्या. डब्यावरील घटकांत सोनामुखी ठळकपणे होती. मी ते दाखविताच त्या म्हणाल्या, ‘अहो वैद्यराज, ते औषध कुठे? ते आमचं रोजचंच आहे.’

त्यांनी माझ्यापासून काही लपविले नव्हते. डब्यावर उगवता सूर्य होता, योगासनस्थ कुटुंब होते. विरेचन हा शब्द मात्र कोठेही नव्हता. कंपनी आपल्या उद्देशात पूर्ण यशस्वी झाली होती : चूर्ण औषधाच्या कपाटातून दिनचर्येत गेले होते. सोनामुखीच्या दीर्घकाळ नित्य सेवनाने आतड्यांची स्वाभाविक गती परावलंबी होऊ शकते, तसेच मलावाटे पोटॅशियमचा ऱ्हास होतो. त्यात मूत्रल औषधाची भर पडली होती. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून रक्तदाबाची गोळी बदलून घेतली, चूर्ण पादांशिक क्रमाने कमी केले, आहारात तूप व उष्णोदक योजिले. सुमारे तीन महिन्यांनी चूर्ण पूर्णपणे सुटले.

फार्मसीचालकांसाठी

यावरून औषधनिर्मात्यांनी जीवनशैलीच्या क्षेत्रात जाऊच नये असा निष्कर्ष मी काढीत नाही. दिनचर्या व ऋतुचर्या सांगणाऱ्या शास्त्राचे ते स्वतःचेच क्षेत्र आहे. डाबरने १९४९ साली च्यवनप्राश डबाबंद स्वरूपात बाजारात आणला आणि ग्रंथातील एक कल्प हळूहळू घरोघरीचा हिवाळ्यातील चमचा झाला. तो मुळात रसायन असल्याने, अग्नी व शर्करेचा विचार ठेवून केलेले असे सेवन शास्त्राशी विसंगत नाही. मात्र पुढील पथ्ये पाळावीत असे वाटते.

प्रथम, आपल्या उत्पादनांचे दोन गट करावेत. अभ्यंगतेल, दंतमंजन, उटणे यांसारखी नित्योपयोगी द्रव्ये एका गटात. विरेचन द्रव्ये, रसौषधी, गुग्गुळकल्प इत्यादी दुसऱ्या गटात. पहिल्या गटाचे रूप, रंग व भाषा दुसऱ्यास देऊ नये. एकच वेष्टनशैली दोहोंस वापरली, की तेलावरचा विश्वास विरेचन द्रव्याकडे नकळत संक्रमित होतो, आणि तेथे तो अनाठायी असतो.

द्वितीय, दुसऱ्या गटातील प्रत्येक डब्यावर सेवनाची कालमर्यादा मराठीत ठळक छापावी.

तृतीय, जाहिरातीत ‘जीवनशैली’ या शब्दाआडून रोग बरा करण्याचे आश्वासन देऊ नये. मधुमेह, रक्तदाब, स्थौल्य यांच्या चिकित्सेच्या जाहिरातींस १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने प्रतिबंध आहे. शब्द बदलल्याने आशय बदलत नाही.

वैद्यबंधूंनीही इतिहास घेताना ‘औषधे कोणती?’ एवढ्यावर न थांबता ‘रोज काय घेता?’ हा प्रश्न अवश्य विचारावा. रुग्णाच्या लेखी आज या दोन प्रश्नांची उत्तरे निराळी आहेत.

शेवटी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. चरकाचार्यांनी रसायनाध्यायात जे आचाररसायन सांगितले, त्यात विकण्याजोगे फारसे काही नाही. सत्य बोलणे, क्रोध न करणे, योग्य वेळी निद्रा व जागरण हेच ते रसायन. ज्या फार्मसीस ग्राहकाच्या जीवनशैलीत स्थान हवे, तिने आपल्या पत्रकातून हेही सांगावे, आणि कोणते औषध केव्हा थांबवावे हेही सांगावे. त्यामुळे एखाद्या डब्याची विक्री कमी होईल. परंतु ग्राहक कंपनीचे आचरण पाहून तिला आपली मानतो, हे वर पाहिलेच आहे. वैद्यकीच्या व्यवसायात तर आचरणाची परीक्षा अधिकच कठोर असते, आणि ती तशी असावी हेच उचित होय.