हावड्याचे खटाल आणि गोठ्यातील श्रमिकांचे वेतन

हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील हावडा हे शहर रेल्वे आणि तागाच्या गिरण्यांमुळे वाढले. १८५४ साली येथून हुगळीपर्यंत पहिली प्रवासी गाडी धावली. पुढील अर्धशतकात नदीकाठी ताग गिरण्या, ओतकामाचे कारखाने आणि गोद्या उभ्या राहिल्या. त्यांना मनुष्यबळ हवे होते. आणि गिरणी कामगारांना, तसेच पलीकडच्या कोलकात्यातील मध्यमवर्गाला दूध हवे होते. शीतकरणाची सोय नसलेल्या काळात दूध काही तासांतच नासत असे. त्यामुळे खेड्यातून दूध आणण्यापेक्षा म्हैसच शहरात आणून बांधणे किफायतशीर ठरले. या आर्थिक गणितातून दाट वस्तीत जे गोठे निर्माण झाले, त्यांना बंगालमध्ये 'खटाल' म्हणतात. मुंबईत ज्याला तबेला म्हणतात, तोच हा प्रकार.

खटालविषयी आजवर जे लिहिले गेले ते प्रामुख्याने अस्वच्छता, तुंबलेली गटारे, नदीचे प्रदूषण किंवा दुधातील भेसळ यांविषयी. तेथे काम करणारा माणूस कोण, त्याला किती मोबदला मिळतो आणि तो कोणत्या स्वरूपात मिळतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला गेला. श्रम अर्थशास्त्राच्या दृष्टीने हाच प्रश्न अधिक उद्‌बोधक आहे, कारण असंघटित क्षेत्रातील वेतन मोजताना येणाऱ्या बहुतेक सर्व अडचणी येथे एकाच छपराखाली आढळतात.

श्रमिकांची जडणघडण

हावड्याच्या ताग गिरण्यांकडे आलेला स्थलांतरितांचा प्रवाह आणि खटालकडे आलेला प्रवाह यांचे उगमस्थान जवळपास एकच आहे. बिहारमधील सारण, सिवान व भोजपूर आणि पूर्व उत्तर प्रदेशातील बलिया व गाझीपूर हा भोजपुरी भाषक पट्टा म्हणजे ते उगमस्थान. जमिनीचे लहान तुकडे, दाट लोकसंख्या आणि थेट रेल्वेमार्ग ही त्यामागील कारणे. गुरे पाळण्याची परंपरा असलेल्या ग्वाला-अहिर (यादव) समाजातील कुटुंबे साहजिकच दूध व्यवसायात शिरली. गिरणीत भरती करण्यासाठी सरदार असे. खटालमध्ये मात्र भरती नात्यातून व गावातून झाली. मालक बहुधा त्याच जिल्ह्याचा, अनेकदा त्याच गावचा असतो. मजूर हा त्याचा पुतण्या, भाचा, मेहुणा किंवा शेजारी असतो.

या भरतीच्या पद्धतीमुळे मनुष्यबळाची रचना ठरून गेली. खटालमधील श्रमिक हा प्रायः एकटा राहणारा पुरुष असतो. तो किशोरवयात किंवा ऐन तारुण्यात येतो, लग्न गावी होते, पत्नी व मुले गावीच राहतात आणि अंगमेहनत झेपेनाशी झाली की तो परततो. त्याच्या जागी कुटुंबातील पुढचा मुलगा येतो. म्हणजे मजुराला वाढवण्याचा, आजारपणात सांभाळण्याचा आणि म्हातारपणी पोसण्याचा खर्च गावातील कुटुंब उचलते. शहरातील मालकाला केवळ त्याच्या उमेदीच्या वर्षांचा मोबदला द्यावा लागतो. दुधाची शहरी किंमत काही अंशी कमी राहण्यामागे ही न दिसणारी मदत होती.

नात्यातील भरतीला कायद्याचीही एक किनार आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास पूर्ण मनाई झाली. पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत कौटुंबिक व्यवसायात मदत करण्यास मुभा राहिली, आणि 'कुटुंबा'च्या व्याख्येत काका, मामा, आत्या, मावशी यांचाही समावेश आहे. काकाच्या खटालमध्ये शेण काढणारा मुलगा मदतनीस की मजूर, हे ठरविणे निरीक्षकाला सोपे नाही.

मोबदल्याचे स्वरूप

दिवसाची सुरुवात पहाटे तीन-चार वाजता होते. शेण काढणे, म्हशी धुणे, भाताचा पेंढा कापणे, पेंड व कोंडा कालवणे, धार काढणे आणि दूध पोचविणे. दुपारी थोडी विश्रांती आणि पुन्हा तोच क्रम. जनावराला साप्ताहिक सुट्टी नसते, म्हणून माणसालाही नसते. श्रमिक झोपतो तोही गोठ्याच्या माळ्यावर किंवा म्हशींच्या शेजारीच खाटेवर. म्हैस रात्री विणार असेल तर रात्रही कामाचीच.

मोबदल्यात सामान्यतः काही रोख रक्कम, जेवण, थोडे दूध आणि राहण्याची जागा यांचा समावेश असतो. गावी लग्नकार्य वा आजारपण निघाले की मालकाकडून उचल घेतली जाते आणि ती पुढील वेतनातून वळती होते. विश्वासू जुन्या माणसाला कधी स्वतःची एखादी म्हैस त्याच गोठ्यात बांधू दिली जाते; तिचे दूध त्याचे. शेणाच्या गोवऱ्या थापून विकण्याचे काम आसपासच्या वस्तीतील स्त्रिया करतात, आणि ते उत्पन्न पुन्हा वेगळ्याच हिशेबात जाते.

अशा मोबदल्याचे मूल्यमापन कसे करावे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका श्रमिकास महिना ९,००० रु. रोख आणि ३,००० रु. किमतीचे जेवण व दूध मिळते. वरकरणी हे वेतन १२,००० रु. झाले. परंतु वेतन संहिता, २०१९ नुसार वस्तुरूप मोबदला एकूण वेतनाच्या १५ टक्क्यांपर्यंतच वेतनात धरता येतो. म्हणजे येथे १,८०० रु. राहण्याच्या जागेची किंमत तर वेतनातून मुळातच वगळलेली आहे. त्यामुळे वेतन ठरते १०,८०० रु. महिन्याचे २६ दिवस धरल्यास रोजी सुमारे ४१५ रु. पडते.

आता कामाचे तास पाहू. रोज दहा तास व तीस दिवस, म्हणजे महिन्याला ३०० तास. रोज आठ तासांप्रमाणे २६ दिवसांचे तास होतात २०८. उरलेले ९२ तास जादा कामाचे आणि त्यांचा दर कायद्याने दुप्पट. म्हणजे १०,८०० रुपयांची विभागणी ३०० ने नव्हे, तर २०८ अधिक १८४, अशी ३९२ ने करावी लागेल. तासाचा मूळ दर येतो सुमारे २७.५५ रु. आणि आठ तासांची रोजी सुमारे २२० रु. एकाच श्रमिकाची रोजी ४१५ रु. आणि २२० रु. असे दोन्ही म्हणता येते. फरक केवळ तास मोजले की नाहीत याचा. डॉ. अनूप सत्पथी यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने २०१९ मध्ये, २०१८ च्या किमतींना धरून, राष्ट्रीय किमान वेतन दररोज ३७५ रु. असावे असे सुचविले होते. पहिला आकडा या रेषेच्या वर आहे, दुसरा बराच खाली. किमान वेतनाविषयीच्या प्रश्नात केवळ दराचा उल्लेख करणारे उत्तर का अपुरे असते, हे यावरून ध्यानात यावे.

आकडेवारीच्या जाळ्यातून निसटलेला श्रमिक

या श्रमिकांचे खरे सरासरी वेतन किती, याचे उत्तर सरकारी आकडेवारीत शोधू गेल्यास एक विलक्षण परिस्थिती समोर येते. पशुगणना ग्रामीण व शहरी दोन्ही भागांत होते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात सुमारे १९.२५ कोटी गोवंशीय जनावरे आणि १०.९९ कोटी म्हशी होत्या. त्यात शहरी खटालमधील म्हशींचीही मोजणी झाली. एकविसाव्या पशुगणनेला ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रारंभ झाला. तिचा गणक गोठ्यात येऊन म्हशीचे वय व जात विचारतो. तिला चारा घालणाऱ्याचे वेतन विचारणे हे त्याचे काम नव्हे.

वार्षिक उद्योग पाहणीत दुग्धपदार्थ निर्मितीचे कारखाने येतात (राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मधील संकेतांक १०५०). तेथील कामगारांचे वेतन दरवर्षी प्रसिद्ध होते. पण गाई-म्हशींचे पालन हा संकेतांक ०१४१ असून तो शेतीच्या विभागात मोडतो आणि या पाहणीबाहेर राहतो. लेबर ब्युरो दरमहा ग्रामीण वेतनदर गोळा करते. नोव्हेंबर २०१३ पासूनच्या नव्या मालिकेत पशुसंवर्धन कामगारांचा, त्यात दुग्ध व्यवसायातील मजुरांचा, स्वतंत्र उल्लेख आहे. मात्र ही मालिका ग्रामीण भागापुरती. हावड्यातील खटाल शहरात असल्यामुळे ग्रामीण मालिकेत नाही आणि शेतीत मोडत असल्यामुळे औद्योगिक पाहणीत नाही.

उरते ते नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. त्यात हा श्रमिक सापडू शकतो. परंतु कोणत्या खान्यात? नियमित पगारी असल्यास संकेतांक ३१. मालकाचा पुतण्या म्हणून त्याच कुटुंबात राहत असून ठरलेला पगार नसल्यास २१, म्हणजे कुटुंबाच्या व्यवसायातील बिनपगारी मदतनीस. अंगावर रोजंदारी असल्यास ५१. स्वतःची म्हैस असल्यास त्याच वेळी ११, म्हणजे स्वयंरोजगारी. एकाच गोठ्यात एकच काम करणारे चौघे चार खान्यांत विखुरले जातात. शिवाय नमुना सर्वेक्षणात अशा विरळ व्यवसायाचे एखाद्या शहरापुरते विश्वसनीय अनुमान काढता येत नाही, हे निराळेच.

खटाल हटले, काम कोठे गेले?

शहरातून गुरे हलविण्याचे प्रयत्न जुने आहेत. मुंबईत १९४९ मध्ये आरे दुग्ध वसाहत सुरू झाली आणि दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने शहरातील सुमारे १६,००० म्हशींसाठी तेथे गोठे उभारण्यात आले. कोलकात्यासाठी हरिणघाटा येथे तशीच योजना आखली गेली. १९५९ मध्ये पश्चिम बंगालने गुरांच्या परवान्यांसंबंधी कायदा केला. तरीही खटाल टिकले. नव्वदच्या दशकापासून पर्यावरणविषयक जनहित याचिका व कलकत्ता उच्च न्यायालयाचे निर्देश यांमुळे ते हटविण्याच्या कामाला वेग आला. अनेक गोठे शहराच्या कडेला सरकले.

सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ही कारवाई आवश्यक होती, याबद्दल शंका नाही. परंतु खटाल पाडला की श्रमिकाचे काम आणि निवारा एकाच दिवशी जातो. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याने सर्वेक्षणाचा व विक्री प्रमाणपत्राचा हक्क दिला. गोठ्यातील मजुरासाठी अशी तरतूद नाही. पुनर्वसनाचा विचार झालाच तर तो परवानाधारक मालकाचा व त्याच्या जनावरांचा होतो. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदाही कंत्राटदारामार्फत आलेल्या पाच किंवा अधिक कामगारांसाठी होता. काकाने बोलावून घेतलेला पुतण्या त्यात बसत नसे.

या बदलाला दुसरी, अधिक व्यापक बाजू आहे. १९७० मध्ये सुरू झालेल्या 'ऑपरेशन फ्लड'च्या पहिल्या टप्प्यात १८ दुग्धक्षेत्रे कोलकात्यासह चार महानगरांशी जोडली गेली. शीतकरण व रेल्वे टँकर यांमुळे म्हैस शहरात बांधण्याचे मूळ कारणच संपुष्टात आले. देशाचे दूध उत्पादन १९५०-५१ मधील १.७ कोटी टनांवरून २०२३-२४ मध्ये २३.९३ कोटी टनांवर पोचले; त्या वर्षी वाढीचा सर्वाधिक दर (९.७६ टक्के) पश्चिम बंगालचाच होता. गोठ्यातील श्रम मात्र नाहीसे झाले नाहीत. ते शहरातील वेतनी पुरुषाकडून खेड्यातील बिनवेतनी स्त्रीकडे सरकले. वैरण, शेण, पाणी, धार ही कामे घरच्या स्त्रिया करतात. दुग्ध सहकारी संस्थांच्या सभासदांत स्त्रियांचे प्रमाण मात्र सुमारे एक तृतीयांश आहे. घरकामाबरोबर चारा गोळा करणारी स्त्री सर्वेक्षणात ९३ या संकेतांकाखाली गेली, तर ती श्रमबलातच धरली जात नाही.

दुधाचा भाव स्निग्धांश व इतर घनघटकांवर ठरतो. त्यात मजुरीचा स्वतंत्र घटक नसतो. पिकांच्या बाबतीत कृषी खर्च व मूल्य आयोग 'ए२ अधिक एफएल' या संकल्पनेद्वारे कौटुंबिक श्रमाचे मूल्य निदान कागदावर धरतो. दुधाला किमान आधारभूत किंमत नाही, म्हणून तेवढाही हिशेब होत नाही. बलियातील पत्नी गावच्या म्हशीसाठी जे काम विनामूल्य करते, त्याच कामासाठी तिचा पती हावड्यात वेतन घेत होता, हा योगायोग नव्हे. खटालमुळे या श्रमाला निदान किंमत तरी लागत होती.

कायद्याची स्थिती

दुग्ध व्यवसायातील मजूर कायद्याच्या कक्षेत नव्हता, असा समज आढळतो. तो चुकीचा आहे. किमान वेतन अधिनियम, १९४८ च्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात 'शेती'च्या व्याख्येतच दुग्ध व्यवसाय व पशुपालन यांचा स्पष्ट उल्लेख होता. साप्ताहिक विश्रांती, कामाचे तास व जादा कामाचा मोबदला यांच्या तरतुदीही त्याच अधिनियमात होत्या. अडचण अंमलबजावणीची आणि पुराव्याची होती: हजेरीपट नाही, वेतनपावती नाही, आणि तक्रार करायची ती स्वतःच्या काकाविरुद्ध.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेने १९४८ चा अधिनियम रद्द केला. अनुसूचित रोजगारांची यादी जाऊन किमान वेतन सर्व रोजगारांना लागू झाले आणि प्रत्येक मालकावर वेतनपावती देण्याचे बंधन आले. मात्र कलम ५० मध्ये एक अपवाद आहे. शेतीसाठी किंवा घरगुती कामासाठी पाचपेक्षा अधिक माणसे न ठेवणाऱ्या मालकाला नोंदवही व वेतनपावती यांतून सूट असून, मागणी झाल्यास निरीक्षकापुढे वेतन दिल्याचा वाजवी पुरावा सादर करणे एवढेच त्याच्यावर बंधनकारक आहे. दुग्ध व्यवसाय येथेही शेतीतच गणला गेला, तर चार-पाच माणसांवर चालणारा खटाल या अपवादात येईल, आणि ३०० तासांची नोंद ठेवण्याचे काम पूर्वीप्रमाणेच कोणाचेही असणार नाही.